बल्ब तासभर चालला, संगणक दहा सेकंदही नाही: यूपीएसमधल्या जुन्या बॅटरीचा अनुभव

यूपीएस, म्हणजे लाइन गेल्यावर संगणक काही मिनिटं बॅटरीवर चालू ठेवणारी पेटी, विकताना दुकानदार काउंटरवर एलईडी बल्ब लावतो, मेन स्विच बंद करतो आणि म्हणतो, "बघा, चालतोय की नाही?" बल्ब चालतो, आपण पैसे देतो. या एका प्रात्यक्षिकावर अकोल्यात माझी फसवणूक झाली. त्यानंतर ओळखीच्या चार घरांत विचारलं, तर दोन ठिकाणी हाच बल्ब, हीच बतावणी. म्हणून जे घडलं आणि जे नंतर कळलं ते सगळं लिहीत आहे. घरी संगणकावर काम करणाऱ्या, मुलांच्या ऑनलाइन परीक्षा असणाऱ्या किंवा हिशेब, बिलं, प्रबंध घरूनच करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी घरूनच डीटीपीचं काम करते. महाविद्यालयांचे वार्षिकांक, पीएचडीचे प्रबंध, लग्नपत्रिका, स्थानिक लेखकांची पुस्तकं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लाइन जाते आणि संध्याकाळी वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं की पुन्हा जाते. म्हणून माझ्यासारखीला यूपीएस ही चैनीची वस्तू नाही. आधीच्या यूपीएसची बॅटरी चार वर्षं चालून बसली होती. तिच्याबद्दल काही तक्रार नाही, तिचं आयुष्य संपलं होतं.

बाजारातल्या ज्या दुकानात गेले तिथला माणूस बोलायला अतिशय अदबशीर. "६०० व्हीए कशाला ताई, हजार व्हीए घ्या. हजार वॅट म्हणजे दोन्ही संगणक, वायफाय, पंखा, सगळं निघतं. जुना यूपीएस आणून द्या, एक्स्चेंजमध्ये साडेचार हजारात बसवून देतो." खोक्यावरची छापील किंमत याच्या दीडपट होती. दोन वर्षांची गॅरंटी, तीही बॅटरीसकट, असं त्याने तोंडी सांगितलं. मग तो बल्ब. मी दुकानात होते तोवर, म्हणजे जवळपास तासभर, तो बल्ब जळत होता. पक्कं बिल मागितलं तेव्हा उत्तर आलं, "पक्कं घेतलं तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, ताई." हातात पडला तो 'एस्टिमेट' असं छापलेला कागद. त्यावर दुकानाचं नाव होतं. जीएसटी नंबर नाही, यूपीएसचा सीरियल नंबर नाही. पैसे मी यूपीआयने दिले. ते दुकानाच्या खात्यावर न जाता एका व्यक्तीच्या नावावर गेले.

या एकाच परिच्छेदात निदान तीन खोट्या गोष्टी आहेत, त्या आधी सांगते.

व्हीए म्हणजे व्होल्ट-ॲम्पियर, वॅट नव्हे. घरगुती स्वस्त यूपीएसमध्ये व्हीएच्या साधारण ६० टक्के वॅट मिळतात. ६०० व्हीएवर ३६० वॅट, हजार व्हीएवर ६०० वॅट. हा आकडा खोक्यावर किंवा मागच्या पट्टीवर छापलेला असतो, आणि दुकानदाराला तो नक्की ठाऊक असतो. दुसरं, छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. एमआरपीच्या आत वस्तू विकताना "पक्क्या बिलाला जीएसटी वेगळा" हे वाक्य फक्त बिल टाळण्यासाठी असतं. आणि तिसरं, बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा यूपीएसच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आणि कमी मुदतीची असते. ती कार्डावर लिहिलेली असते. तोंडी सांगितलेल्या गॅरंटीला नंतर कोणी साक्षीदार नसतो.

पुढे घडलं ते थोडक्यात. एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची फाइल उघडी होती, पानं लावून झाली होती, सेव्ह चालू होतं आणि लाइन गेली. यूपीएसने एक लांब शिट्टी दिली आणि संगणक बंद. लाइन आल्यावर फाइल उघडेना. हार्ड डिस्कला काही झालं नव्हतं. आताच्या डिस्क वीज गेली तरी आपलं हेड सुरक्षित जागी नेतात. पण जो मजकूर मेमरीतून डिस्कवर लिहिला जात असतो तो अर्धवट राहतो, आणि अर्धवट लिहिलेली फाइल म्हणजे कधी कधी काहीच नाही. आधीच्या प्रूफची पीडीएफ संपादकांकडे होती. तिच्यावरून मी रात्री जागून पुन्हा सगळं लावलं. मुलांच्या कविता, प्राध्यापकांचे लेख, जाहिराती, सगळं. अंक वेळेवर छापला गेला, पण त्या रात्रींचा हिशेब कुठल्याच एस्टिमेटवर मांडता येत नाही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आपल्या अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ४५ डिग्रीत बॅटरी टिकत नाही." हे उत्तर नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि त्याच्या जोरावरच बाकीचं खोटं खपतं. यूपीएसमधल्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगतात. त्यापेक्षा सतत आठ-दहा अंश जास्त तापमानात राहिली तर ते जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून आपल्या विदर्भात तीन-चार वर्षांची बॅटरी दोन वर्षांत थकली तर त्यात नवल नाही. पण नवी बॅटरी, घराच्या आत, टेबलाखाली, काही आठवड्यांत दहा सेकंदांवर येत नाही. ऊन आयुष्य कमी करतं, एका उन्हाळ्यात मारून टाकत नाही.

फोनवरच्या माणसाला हे पटलं नाही. पुढच्या वेळी त्याने माझ्या संगणकाच्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याला, दोष दिला.

मग मी एका जुन्या तंत्रज्ञाला घरी बोलावलं. दवाखान्यांचे आणि बँकांचे यूपीएस दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आहे. उघडण्याआधी त्यांनीच सुचवलं की मोबाइलवर व्हिडिओ घ्या, सील दाखवा, सीरियल नंबर दाखवा. सीलच्या स्टिकरखाली आधीच्या स्टिकरचा फाटका तुकडा होता. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ ॲम्पियर-अवरची, घरगुती यूपीएसमध्ये नेहमी असते तीच. मीटर लावला तर १२.७ व्होल्ट. मला वाटलं, बॅटरी चांगलीच आहे. ते म्हणाले, थांबा. संगणक सुरू करून बोर्डावरचं बटण बंद केलं, तर मीटरचा आकडा डोळ्यांदेखत ११, १०.५ आणि त्याखाली कोसळला. तिथे यूपीएसने हात टेकले.

मी विचारलं की मग दुकानात बल्ब तासभर कसा चालला. त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत देते: "ताई, म्हातारं माणूस ओट्यावर बसून दिवसभर गोष्टी सांगते. त्याले पोतं उचलाले लावलं का बसलं."

याच्यामागचा हिशेब अगदी सोपा आहे. ९ वॅटचा बल्ब चालवायला बॅटरीतून जेमतेम एक ॲम्पियर प्रवाह जातो. माझा संगणक आणि मॉनिटर मिळून सव्वाशे वॅट घेतात. वाया जाणारी वीज धरून बॅटरीला बारा-तेरा ॲम्पियर द्यावे लागतात. जुन्या बॅटरीच्या आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो, काहींचं पाणी आटतं, अंतर्गत अवरोध वाढतो. थोडा प्रवाह ओढला तर ती नव्यासारखी वागते. जास्त ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि यूपीएस बॅटरी वाचवायला स्वतःला बंद करतो. म्हणून नुसत्या मीटरवरचा आकडा आणि नुसता एलईडी बल्ब या दोन्ही गोष्टी काहीच सिद्ध करत नाहीत. फसवणाऱ्याने नेमक्या त्याच दोन निवडलेल्या असतात.

एसएमपीएसचा आरोपही तिथेच निकालात निघाला. त्यांनी पिशवीतून दुसरी, खरी नवी बॅटरी काढून त्याच यूपीएसला जोडली. तोच संगणक, तोच मॉनिटर, आणि पंधरा मिनिटं होऊन गेली तरी चालू. म्हणजे संगणक निर्दोष होता. तुमच्याकडे असा वाद उभा राहिला तर ही अदलाबदलीची चाचणी जरूर करून घ्या आणि तिचाही व्हिडिओ ठेवा.

मग बॅटरी हातात घेऊन त्यांनी एकेक खूण दाखवली. वरचं चकचकीत लेबल नखाने उचकटलं तर खाली दुसरं, पिवळं पडलेलं. उत्पादनाचा महिना-वर्ष सांगणारा जो कोड प्लास्टिकवर उठवलेला असतो, तो गरम हत्याराने पुसलेला. टर्मिनलच्या चपट्या पट्ट्यांवर खरवडल्याच्या रेघा, म्हणजे तिथे आधी कुणीतरी क्लिपा घातल्या-काढल्या होत्या. बाजूच्या भिंती किंचित फुगलेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरच्या झाकणाच्या कडेने झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब. या बॅटरीला 'मेंटेनन्स फ्री' म्हणतात, ती उघडायची नसते. पण झाकण उचकटून, आतली रबरी टोपणं काढून, डिस्टिल्ड वॉटर घालून, चार्ज करून झाकण पुन्हा चिकटवतात. काही दिवस ती बरी वागते. तेवढ्या दिवसांत ती विकली गेलेली असते.

हा माल कुठून येतो, हेही त्यांनी सांगितलं. बँका, एटीएम, मोठी कार्यालयं ठराविक वर्षांनी यूपीएसच्या सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलतात. त्या जुन्या बॅटऱ्यांचे लॉट भंगारात जातात. कायद्याप्रमाणे त्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हव्यात. २०२२ चे बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम याचसाठी आहेत. शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड असलेली ही वस्तू आहे, घरोघरी फिरवायची नव्हे. पण भंगारातल्या भावात घेऊन नव्याच्या भावात विकण्यात जो नफा आहे, तो काही लोकांना आवरत नाही. माझ्यासारख्या ग्राहकाने एक्स्चेंजमध्ये दिलेला जुना यूपीएससुद्धा याच वाटेने जात असणार. ही गोष्ट मला फार लागली. माझी थकलेली बॅटरी आज कुणाच्या तरी मुलाच्या संगणकाखाली 'नवी' म्हणून बसलेली असू शकते.

हजार व्हीएचं काय? आतल्या बोर्डावर ६०० छापलेलं होतं. मोठ्या पेटीत जी जागा उरली होती, तिथे थर्माकोल कोंबलं होतं. खोक्यावरचा R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर टाकला, तर तो दुसऱ्याच कंपनीच्या मोबाइल चार्जरचा निघाला. अशा घरगुती यूपीएसला भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. हा क्रमांक दुकानात उभ्या उभ्या, दोन मिनिटांत तपासता येतो. त्यावर कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. माझं म्हणणं आहे की पैसे देण्याआधी एवढं एक काम प्रत्येकाने करावंच. त्याला तांत्रिक ज्ञान लागत नाही, कुणाशी वाद घालावा लागत नाही.

आणि आणल्याच दिवशी घरी खरी चाचणी घ्या. आठ-दहा तास चार्ज होऊ द्या. मग ६० वॅटचे दोन जुने पिवळे, तारेचे बल्ब जोडा. ते अजून मिळतात, नसतील तर शेजाऱ्यांकडे असतात. बोर्डावरचं बटण बंद करा आणि घड्याळ लावा. प्लग उपटू नका. प्लग उपटला की अर्थिंगही तुटतं. ७ ॲम्पियर-अवरची एक चांगली बॅटरी या भारावर दहा मिनिटं तरी सहज काढते. ती दोन मिनिटांत बसली तर लगेच, त्याच दिवशी, लेखी कळवा. चाचणी संगणकावरच करायची झाली तर एकही फाइल उघडी ठेवू नका. यूपीएसच्या मागच्या बाजूला काही सॉकेट नुसती सर्जपासून, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून, वाचवणारी असतात, बॅटरीवर न चालणारी; त्यात बल्ब लावून उगाच संशय घेऊ नका. लेझर प्रिंटर, इस्त्री, फ्रिज यांना यूपीएसवर कधीच लावू नये, कुणी कितीही सांगितलं तरी.

घरात मोठा इन्व्हर्टर असणाऱ्यांना वाटतं की आपण यातून सुटलो. तसं नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी सर्व्हिसिंगवाला म्हणून आलेला माणूस १५० ॲम्पियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी "चार्जिंगला नेतो" म्हणून घेऊन गेला. परत आली ती त्याच रंगाची, पण वेगळ्या सीरियल नंबरची. घरच्यांकडे आधीच्या नंबरचा फोटो नव्हता, त्यामुळे काही सिद्ध करता आलं नाही. आज उठून आपल्या बॅटरीच्या नंबरचा, तारखेच्या कोडचा आणि चारही बाजूंचा फोटो काढून ठेवा. न्यायचीच असेल तर नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दाराबाहेर जाऊ देऊ नका.

आता तक्रारीचं. व्हिडिओ, फोटो, एस्टिमेट आणि यूपीआयचा तपशील घेऊन मी दुकानात गेले. अदब संपली होती. "बॅटरीला गॅरंटी नसतेच. एस्टिमेट म्हणजे बिल नाही. सील तुम्ही तोडलंत." मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि पुढे काय करायचं ते मराठीतही सांगतात. मोठ्या कंपन्यांकडे ही तक्रार थेट जाते. गावातल्या छोट्या दुकानाला तिचा धाक कमी वाटतो. म्हणून मी साध्या कागदावर नोटीस लिहिली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवली.

त्या नोटिशीत जे मुद्दे घातले ते इथे देते, कुणाला तरी उपयोगी पडतील. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे "तुमच्याकडे बिल नाही" हे दुकानदाराच्या बाजूचं उत्तर होऊच शकत नाही; तो त्याचाच दोष आहे. जुना माल नवा म्हणून विकणं हीही अनुचित प्रथाच. एस्टिमेटचा कागद, पैसे दिल्याचा यूपीआय संदेश आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी हे सगळं पुरावा म्हणून जोडता येतं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांत करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष किंवा ग्राहक सेवेचा नंबर नसेल तर वैधमापनशास्त्र (वजन-मापं) विभागाकडे वेगळी तक्रार करता येते.

नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला. आधी "दुसरी बॅटरी टाकून देतो" म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याच्या दुकानातली दुसरी बॅटरी कशावरून वेगळी? शेवटी त्याने पूर्ण रक्कम परत केली, यूपीआयनेच, आणि तंत्रज्ञाची फीसुद्धा. जुना यूपीएस मात्र "केव्हाच गेला" म्हणाला. वार्षिकांकाच्या श्रमांची भरपाई मागायची तर आयोगात जावं लागलं असतं. मी तिथे थांबले. ज्यांचं नुकसान मोठं आहे त्यांनी थांबू नये असंच मी सांगेन.

आता माझ्याकडे अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस आहे. जीएसटी नंबर असलेलं बिल, त्यावर सीरियल नंबर, बॅटरीची वेगळी वॉरंटी लिहिलेली. हा जीएसटी नंबर खरा आहे का, तेही जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. यूपीएस खिडकीपासून दूर, भिंतीला न चिकटवता ठेवला आहे. दर महिन्याला बल्ब लावून बघते, आणि सॉफ्टवेअरमधलं ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणलं आहे.

पैसे परत घेताना वस्तू परत द्यावी लागली. ती पुन्हा नवं लेबल लावून काउंटरवर येणार, याबद्दल मला शंका नाही. म्हणून परत देण्याआधी बॅटरीच्या तळाला मी सुईने 'जुनी, अकोला' असं कोरलं आणि त्याचा फोटो घेऊन तो त्याच्या पावतीला जोडला. अकोला, वाशीम, बुलढाणा, अमरावती या भागात कुणी नवा यूपीएस घेतला आणि तो उघडायची वेळ आली, तर तंत्रज्ञाला बॅटरी उलटी करून तळ बघायला सांगा. लेबल तळावरही चिकटवलेलं असेल, तर ते काढून बघा.